चौथं कडवं

आमच्या गल्लीत ज्याचं ज्याचं म्हणून बारसं झालं, त्या बारशाला आक्कानं शिव्या घातल्या नाहीत असं कधी झालं नाही. पाळण्यातल्या पोराला तिनं कधी वाकडा शब्द ऐकवला नाही, खोटं कशाला बोलू? शिव्या असायच्या पाळणा म्हणणाऱ्या बायकांना. बायका आत माजघरात दाटीवाटीनं बसलेल्या आणि आक्का बाहेर परसात, धुण्याच्या दगडावर. नवरा नसलेल्या बाईनं पाळण्याच्या दोरीजवळ फिरकायचं नाही, ही तेव्हाची रीत. पाळणा मात्र तिनंच रचलेला असायचा. शहापुरात हातमागांच्या खटखटीत ज्या घरातनं नवं रडणं ऐकू आलं, त्या घरची म्हातारी दुसऱ्या दिवशी आक्काच्या दारात उभी, ‘आक्का, पाळणा पायजे’ म्हणून.

एकदा एका सावकाराच्या घरी बारसं होतं. जरीची लुगडी, थेट कोल्हापुरास्नं आलेल्या पाहुण्या, सगळा थाट. म्हणायला बसली होती त्यांची नवी सून. तिला काय ठाऊक? ती तिसऱ्या कडव्यावरनं सरळ पाचव्यावर गेली. झालं! परसातनं आवाज आला, “अगं भवान्यांनो, चवथं खाल्लंसा न्हवं? मागं जावा! मागं जाऊन म्हणा!”  एका पाहुणीला वाटलं, कुणाच्या तरी अंगात आलं. सावकारीणबाई रागानं लाल. पण आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांनी मुकाट्यानं मागं जाऊन चौथं कडवं म्हटलं आणि मगच पुढं गेल्या. ही गोष्ट आम्ही तरण्या बायका विहिरीवर एकमेकींना सांगून पोट धरधरून हसायचो. मागं जाऊन म्हणणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी एकही हसली नव्हती, हे आमच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

आमच्याकडचा पाळणा दिवसांवर चालतो. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असं दिवसाला एक कडवं. बाराव्या दिवशी बारसं, म्हणून बाराव्या कडव्यात नाव. पोराच्या कानात नाव सांगून झालं की पाळणा संपला. सगळीकडं तोच पाळणा चालवून घेतात, फक्त शेवटचं नाव बदलायचं. आक्काला ते खपायचं नाही. प्रत्येक पोराला तिचा नवा पाळणा. “लुगडं एकाचं दुसऱ्याला चालतंय, पाळणा न्हाय चालत,” असं ती म्हणायची, तेही शहापुरात, जिथं घरोघर लुगडीच विणतात आणि लुगड्याबद्दल असं बोललेलं कुणाला आवडत नाही.

आता पोरावर पाळणा करायचा तर पोर बघायला हवं, आणि बाळंतिणीच्या खोलीत हिला मज्जाव. मग ती सुईणीला गाठायची. “झोपतंय तवा मूठ मिटून झोपतंय का उघडी ठिवून? कुठल्या कुशीला घातलं की रडतंय? शिंक आली की दचकतंय का?” सुईण वैतागून जायची. “अगं आक्का, पोर हाय ते! बैल घ्यायला आलीयास काय बाजारात?” सुईणीचं पुरं पडलं नाही की आक्का त्या घराच्या मागच्या खिडकीखाली जाऊन बसायची आणि रडणं ऐकायची. रडण्यावरनं तिला पोराचा स्वभाव कळायचा म्हणे. माझ्या नवऱ्याबद्दल तिनं तो पाळण्यात असताना सांगितलं होतं की हा हट्टी निघणार आणि मुळूमुळू रडणार. दोन्ही खरं निघालं.

अंगानं वाळकी. पांढरं पडलेलं निळं लुगडं, कमरेला तपकिरीची पितळी डबी. बोलताना राग आला की कानडीत शिरायची आणि रडू आलं की पुन्हा मराठीत यायची. त्यामुळं ती कानडी बोलायला लागली की आम्ही निर्धास्त असायचो. आपल्या पाळण्यांचा तिला गर्व फार. कुणी ‘छान झालाय गं आक्का’ म्हटलं की म्हणायची, “मग? वाईट कधी झालता, सांग की!” आणि त्या बाईला वाईट सांगता येईपर्यंत सोडायची नाही.

अशा बाईला एक खोड होती, तिची सगळ्या तरण्या पोरी थट्टा करायच्या. दर पोराला नवा पाळणा करणारी आक्का चौथं कडवं मात्र कधी बदलायची नाही. सावकाराच्या नातवाला तेच, हमालाच्या पोरीला तेच.

चौथ्या दिवशी गं उघडले डोळे,
कुडाच्या फटीतनं ऊन आत लोळे,
धराया धडपडती हात हे कोवळे,
गावंना ऊन, जो जो.

ऊन काही हाती गावत नाही आणि पोर धडपडतंय. चांगलं आहे कडवं. पण दर बारशाला? आणि आमच्या घरांना मातीच्या जाड जाड भिंती. काट्याकुट्या विणून शेण लिंपलेला कूड गल्लीत एकाही घराला नव्हता. “आक्काला चौथ्या दिवसाला काय सुचतच नाही बाई,” आम्ही म्हणायचो. “तिथं येऊन तिचा गाडा रुततो.”

मी निपाणीची. माझे वडील तिथल्या तंबाखूच्या वखारीत कामाला. मी मराठी चौथी पास झालेली, आणि त्याचा मला केवढा ताठा! शहापुरात सून म्हणून आले तेव्हा आमच्या घरात बायकांत वाचता येणारी मी एकटी. आई मी लहान असतानाच गेली, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता सासरीच झालं. मुलगी झाली. लोक म्हणतात तसं कुणी नाक मुरडलं नाही. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दुसऱ्याच दिवशी आक्काला सांगावा धाडला. माजघराच्या तुळईला पाळण्याची कडी ठोकून झाली. मागच्या खिडकीखाली आक्का येऊन बसली की तपकिरीची शिंक ऐकू यायची आणि मी पडल्या पडल्या हसायचे.

आठव्या रात्री पोरीला ताप भरला. नवव्या दिवशी तिनं दूध सोडलं. संध्याकाळी दिवेलागणीला ती गेली.

माझे सासरे आणि नवरा तिला एका धडप्यात गुंडाळून घेऊन गेले आणि जेवणाच्या वेळेला परत आले. एवढंच. इतकं लहान पोर गेलं तर रडायला कुणी येत नाही, दहावं नाही, तेरावं नाही. दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी सुताराला बोलावून तुळईची कडी काढायला लावली. भोक पडलं होतं, तेसुद्धा मातीनं बुजवलं. त्यानंतर त्या घरात तिचा शब्द कुणी काढला नाही. मी काढायला गेले की आत्याबाई उठून रहाटावर सुताच्या कांड्या भरायला बसायच्या. मला वाटायचं, ही बाई आहे का दगड? आणि मला तरी शब्द काढायला काय होतं? बारसं झालं नव्हतं, म्हणजे नाव नव्हतं. मेलेल्या माणसाची आठवण काढायची तर हाक मारायला काहीतरी लागतं. माझ्याकडं हाकसुद्धा नव्हती.

मला सारखं वाटायला लागलं की एवढी एक वस्तू तिची म्हणून या जगात आहे, आक्कानं रचलेला पाळणा. तो मला हवा होता. बाळंतपणाचा महिना संपल्या संपल्या मी आक्काच्या दारात गेले.

“माझ्या पोरीचा पाळणा द्या.”

“कुठला पाळणा?”

“तुम्ही रचलेला. खिडकीखाली बसून.”

“तो बाराव्यापातूर हुता,” आक्का म्हणाली. “तो मी विसरले.”

“तुम्ही? तुम्ही कधी विसरता?”

“विसरले म्हटलं न्हवं? साकु!” आणि दार लावून घेतलं. साकु म्हणजे पुरे. पण ते सोडून बाकी सगळं ती मराठीत बोलली होती, हे मला घरी आल्यावर कळलं.

मी दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. मीही निपाणीची होते. शेवटी एकदा ती वैतागून म्हणाली, “पायजे तर तुजा तू कर.”

“मला कुठं येतोय करायला?”

“मग शीक. निपाणीची तपकीर आणत जा. इथली लई मिळमिळीत असती.”

अशी मी कविता करायला लागले. वडिलांना निरोप धाडला, तपकीर पाठवा. त्यांना काळजी पडली की पोरगी दुःखानं व्यसनाला लागली. त्यांनी तपकिरीबरोबर मारुतीचा अंगाराही पाठवून दिला.

माझी समजूत अशी की पहिल्याच दिवशी माझ्या मुलीचा पाळणा सुरू करायचा. आक्कानं मला गल्लीच्या टोकाच्या गोठ्यात नेलं. तिथली म्हैस व्याली होती. “हे रेडकू,” ती म्हणाली. “ह्येचा पाळणा कर. माणसाच्या लेकराला एवढ्यात हात लावायचा न्हाय.”

मी पाटीवर लिहून आणलं. चौथी पास ना मी! पहिल्याच कडव्यात चंद्रमा उगवला, दुसऱ्यात देवांनी फुलं उधळली, तिसऱ्यात नंदाघरी आनंद झाला. आक्कानं ऐकून घेतलं. मग एक मोठी चिमूट नाकात कोंबून शिंकली आणि म्हणाली, “नंदाच्या घरी रेडकू झालं व्हय गं?”

मी रडकुंडीला आले.

“चंद्र बघितलास त्या गोठ्यात? काय बघितलंस?”

“शेण होतं,” मी चिडून म्हणाले. “आणि ते उभं राहायला गेलं की पुढच्या गुडघ्यांवर पडत होतं. म्हैस चाटत होती, तर तिच्या चाटण्यानंच ते परत पडत होतं.”

“मग हे कुठं लिवलंयस?”

मी पाटी पुसली. त्या दिवसापासनं माझ्या पाळण्यात चंद्र आला की आक्का मला तिच्या जात्यावर बसवायची. देव आला तरी जातं. पहिले काही महिने तिला घरी दळणाला हात लावावा लागला नाही.

दुसरा नियम विहिरीचा. कडवं झालं की पाटी तिच्या घरी ठेवायची, विहिरीवर जायचं, वाटेत भेटेल तिच्याशी बोलायचं, भरलेली घागर कमरेवर घेऊन तिच्या उंबऱ्याशी यायचं आणि मग कडवं म्हणून दाखवायचं. जो शब्द आठवला नाही तो पाटीवरनं पुसायचा, मग तो कितीही लाडका असो. माझे किती सुरेख संस्कृत शब्द त्या विहिरीच्या वाटेवर सांडले, काय सांगू! एकदा तर अख्खं कडवं गेलं आणि नुसतं ‘जो जो’ राहिलं. “ऱ्हावू दे,” आक्का म्हणाली, “तेवढं बरं हाय.”

रेडकू झालं, मग शेळीची करडं झाली, मग तिच्या हाताखाली मी माणसांच्या पोरांचे पाळणे करायला लागले. मला खोलीत जाता यायचं नाही, हे मला लवकरच कळलं. मूल गेलेल्या बाईची सावलीही बाळंतिणीवर नको. कुणी तोंडावर म्हणायचं नाही. नुसतं दारातनंच ‘बस हं बाहेर जरा’ म्हणायचे. मग आक्का खिडकीखाली सरकून मला जागा करून द्यायची. बारशालाही धुण्याच्या दगडावर आता आम्ही दोघी. तिचा मुक्काम किती वर्षं तिथं होता, आणि एकटीचा, हे तिथं बसल्यावर समजतं. नाहीतर विहिरीवर हसायला सोपं असतं.

माझ्या मुलीच्या पाळण्याला मात्र ती मला शिवू देत नव्हती. ‘अजून न्हाय’ म्हणायची. वर्ष गेलं, दुसरं लागलं. शेवटी मी तिला न विचारताच केला. एकही चंद्र नव्हता त्यात. विहिरीच्या वाटेवर म्हणून बघितला, शब्द हलला नाही. मग गेले आणि उंबऱ्यावर बसून म्हणायला लागले. आक्का डोळे मिटून ऐकत होती. तपकिरीची डबी हातात, पण उघडली नव्हती. पहिला दिवस झाला, पाचवी झाली, आठवा झाला. नवव्याला मी देवाचं विमान आणलं होतं, तिथं तिनं तोंड वाकडं केलं. मी दहावं सुरू केलं.

“थांब,” ती म्हणाली.

“अजून आहे.”

“नवव्याला थांबायचं.”

“दहावं झालंय, अकरावं झालंय, बाराव्यात नाव घातलंय मी—”

“जे दिस आलंच न्हाईत ते कुठनं आणलंस? तिला दहावा दिस हुता? दावतीस मला?”

“नाव बाराव्याला येतं, आक्का! नवव्याला थांबले तर नाव कुठं घालू?”

“न्हाय घालायचं. न्हाईच तिला नाव.”

माझं डोकं फिरलं. या एकाच गोष्टीसाठी मी दोन वर्षं तिचं जातं ओढलं होतं. मी उठून उभी राहिले आणि तोंडाला आलं ते बोलले. “तुम्ही मला काय शिकवता? तुम्हाला चौथ्या दिवसाचं एक कडवं नवं सुचत नाही! सगळ्या शहापूरला तेच शिळं चारता. आमच्या भिंतींना कूड कुठं आहे हो? तुम्ही तरी कुठं बघितलाय?”

मला वाटलं, आता कानडी सुरू होणार. तिनं डबी कमरेला खोचली आणि आत गेली.

मी घरी आले ती फणफणतच. आत्याबाई कांड्या भरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, चौथ्या कडव्याचं कसं तोंडावर फेकलं तेही सांगितलं. त्यांचा हात थांबला.

“काय बोलून आलीस गं तू?” त्या म्हणाल्या. मग रहाट बाजूला सरकवून बोलल्या. एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

“पलेगाच्या साली सगळं शहापूर माळावर झोपड्या घालून ऱ्हायलं हुतं. मी नवी नवरी. आमच्या झोपडीला लागून तिची झोपडी, मधी एक कूड. तिचा नवरा त्याच पलेगात गेलता, आणि ती तशीच झोपडीत बाळंत झाली. पोरगा झाला. चार दिस हुता. त्या झोपडीत ऊन एकाच फटीतनं यायचं, आणि ते पोर त्या उनाकडं हात करायचं. मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. पाचवीला पाटा मी मांडून देते म्हटलं हुतं तिला. पाटा घिऊन गेले तर पोर गार पडलेलं. सटवाई कपाळावर लिवायला यायच्या आदीच गेलं गं ते. काय लिवलंच न्हाय त्याच्या कपाळावर.”

मी खाली बसले.

“त्याचा पाळणा तिनं तितंच केलता. चार कडव्यांचा. पयली तीन कधी कुणाला सांगितली न्हाईत. चवथं तेवढं सगळ्यांच्या पोरात घालती. आम्हा म्हाताऱ्यांना ठावं हाय. म्हणून आमी ते खात न्हाय.”

एवढं बोलून आत्याबाईंनी रहाट परत ओढला. माझ्या मुलीबद्दल तेव्हाही एक शब्द बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी आक्काच्या उंबऱ्यावर जाऊन बसले.  पाटीवरची शेवटची तीन कडवी तिच्यादेखत पदरानं पुसली. बाराव्यातलं नाव पुसताना हात चालेना, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि दोघींनी मिळून पुसलं. ते नाव मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही.

“आता नववं,” आक्का म्हणाली. “देवाचं इमान काढ त्यातलं. इमान बघितलंस?”

“नाही.”

“काय बघितलंस?”

मी सांगितलं. त्या संध्याकाळी पोर आत्याबाईंच्या मांडीवर होती. तिच्या मुठीत आत्याबाईंची करंगळी होती. गेल्यावरही मूठ सुटेना. आत्याबाईंनी एकेक बोट उलगडून आपली करंगळी सोडवून घेतली, मग तिला सासऱ्यांच्या हातात दिली. हे मी बघितलं होतं आणि दोन वर्षं माझं मलाच सांगितलं नव्हतं. सांगता सांगता मी रडायला लागले. आक्काही रडत होती, आणि मराठीतच बोलत होती, “बोल, बोल गं बाई, थांबू नको.”

नववं कडवं त्या दिवशी झालं. विहिरीवर न्यायची गरज पडली नाही.

आक्का गेली ती सूत कंट्रोलनं मिळायचं त्या दिवसांत, माग निम्मे बंद पडलेले. एका सकाळी तिच्या घरातनं शिंक ऐकू आली नाही, म्हणून शेजारीण बघायला गेली. तिला पोचवायला गल्लीतली माणसं बरीच जमली. त्यातल्या निम्म्यांचे पाळणे तिनंच केलेले. पण ती जायच्या आधीचं एक बारसं सांगायचं राहिलंय, ते सांगते.

माझ्या धाकट्या जावेला मुलगा झाला. बारसं आमच्याच घरी. सुतार आला, बुजवलेल्या जागेशेजारी तुळईला नवी कडी ठोकली. आक्का मला म्हणाली, “ह्यो तू एकटीनं कर.” मी केला. चौथं कडवं आक्काचं घातलं, ते तर घालायचंच होतं. आणि नववं माझं घातलं. तिला सगळा म्हणून दाखवला, तेव्हा नवव्याला तिनं मान वर करून माझ्याकडं बघितलं. “चालंल?” मी विचारलं. “आजी हाय की ह्या पोरालाबी,” एवढंच ती बोलली.

शेजारच्या हौसाक्काचा आवाज मोठा, तिला पाळणा शिकवून ठेवला. बारशादिवशी बायका माजघरात जमल्या. पाळण्याची दोरी आत्याबाईंच्या हातात. आणि आम्ही दोघी आपल्या जागेवर, परसात दगडावर. तिथनं आतलं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. हौसाक्काचा आवाज, मागनं बायकांचा, आणि पाळण्याच्या कड्यांची कुरकुर.

चौथं झालं. आक्का ओठांतल्या ओठांत म्हणत होती. पाचवी झाली, सातवं, आठवं. मी लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत बसले होते. मग हौसाक्कानं नववं घेतलं.

नवव्या दिवशी गं मूठ वळली,
आजीची करंगळी घट्ट धरली,
सोड म्हणता ती आणिक आवळली,
सुटंना बोट, जो जो.

कुरकुर थांबली. बारशात पाळणा मधेच थांबवत नाहीत, अशुभ मानतात. बायका गोंधळल्या, म्हणणं अर्धवट राहिलं. कुणीतरी हळूच म्हणालं, “दोरी, दोरी…”  बारशाचा मी सत्यानाश केला असं वाटलं. मी आक्काकडं बघितलं. कडवं अडलं की ही बाई घर डोक्यावर घ्यायची. आज ती डबी घट्ट धरून नुसती त्या दाराकडं बघत होती.

मग आतनं आत्याबाईंचा आवाज आला.

“हौसे, ते नववं परत म्हण गं.”

हौसाक्कानं परत म्हटलं. पाळणा हलायला लागला.

“अजून एकदा म्हण.”

परत म्हटलं. आणि त्यानंतर हौसाक्काचा आवाज बंद झाला, बाकीच्यांचाही झाला, आणि एकट्या आत्याबाई म्हणायला लागल्या. त्यांना गळा नव्हता. कडवं तीनदा ऐकून त्यांना पाठ झालं होतं. ‘सुटंना बोट’पाशी आवाज फुटायचा, मग नाक ओढून पुन्हा ‘नवव्या दिवशी’पासनं धरायच्या. माजघरात दुसरं कुणी हललंसुद्धा नसावं. नुसती पाळण्याची कुरकुर आणि त्या.

मी उठायला गेले. आक्कानं दंडाला धरून मला खाली बसवलं.

“बस,” ती म्हणाली. “ऐक. तुज्या पोरीचं बारसं चाललंय.”